डावं पारडं अर्धं बोट खाली

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे आई, तुझी वहिनी आणि तुझी पुतणी खुशाल आहेत. मीही खुशालच आहे, पण माझं खुशाल जरा तपशिलात लिहावं लागणार आहे, म्हणून हे पत्र. तिकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक असतील, शाळेतली मुलं तुझ्या शिट्टीवर मैदानाला फेऱ्या मारत असतील आणि खेळाचे मास्तर स्वतः सावलीत उभे असतील, असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? आईने मुद्दाम विचारायला सांगितलंय. (आई तुझ्या गुडघ्याची चौकशी दर आठवड्याला करते. गुडघ्याच्या वर आपल्या घरात कुणी कुणाची चौकशी करत नाही, हे पुढे वाचताना ध्यानात ठेव.)

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? फोन तीनदा केला होता. तिन्ही वेळा तू 'बोल ना दादा' म्हणालास, आणि मी अनुक्रमे उकाडा, पुतणीचे गणिताचे गुण आणि दुकानासमोर खणून ठेवलेला रस्ता या विषयांवर बोलून फोन ठेवला. समोरासमोर सांगावं तर तू हसशील, तू हसलास की मलाही हसू येईल, आणि दोघं हसून मोकळे होऊ. ही गोष्ट तशी मोकळं होण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी शेवट सांगतो, म्हणजे मधली पानं तू घाबरत वाचणार नाहीस. गेल्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचं वृषण काढून टाकलं. त्यात गाठ होती, ती वाईट जातीची होती, पण होती तिथल्या तिथे होती, बाहेर कुठे पसरलेली नाही असं रिपोर्ट म्हणतो. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं आणि फोटो काढायचे, असं काही वर्षं चालेल. मी चालतो, जेवतो, दुपारी दुकानात जाऊन बसतो, फक्त वजन उचलत नाही. (वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला वजन उचलायची बंदी, यावर गल्लीतल्या सगळ्यांनी एकेकदा विनोद करून झालाय. तू नवा शोधू नकोस.) तुला कळवलं नाही याचा राग येईल. येऊ दे, तो मी कमावलेला आहे. पण पत्राच्या शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, तेव्हा राग धरूनच का होईना, शेवटपर्यंत वाच.

आता मुळापासून. आपल्या घरात बेंबीपासून गुडघ्यापर्यंत माणसाला एकच अवयव होता आणि त्याचं नाव पोट. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा पाहुण्यांना 'पोटाचं होतं' असं सांगितलं. तू सायकलच्या नळीवर आपटून पांढराफटक पडलास, तेव्हा आईने शेजारच्या काकूंना सांगितलं की पोरगं पोटावर पडलं. (काकूंनी तुझ्या पोटाला तेल चोळलं. तू बिचारा दात आवळून पडून राहिलास.) नवव्या वर्षी तुझं अपेंडिक्स काढलं तेव्हाही पोटच होतं, पण ते निदान भूगोलाला धरून होतं. अशा घरात वाढलेला माणूस अडतिसाव्या वर्षी डॉक्टरसमोर बसतो तेव्हा त्याच्याकडे शब्दच नसतो. शिव्यांमधले शब्द सगळ्यांकडे असतात, पण ते घेऊन दवाखान्यात जाता येत नाही. वृषण हा शब्द मी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर पहिल्यांदा नीट वाचला, आणि सही करता करता वाटलं, एवढा साधा शब्द होता तर.

माझं काम तुला माहीत आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. वजनकाटा तपासताना आपण आधी रिकामी पारडी बघतो. दोन्ही एका रेषेत हवीत. एक खाली असलं की काटा खोटा, मग तो किराणावाल्याचा असो की सराफाचा. त्यानंतर प्रमाण वजनं काढायची. मखमलीच्या खणातली ती पितळी वजनं बाबांनी मला चिमट्याने उचलायला शिकवली, उघडं बोट लागू दिलं नाही कधी, आणि सांगितलं की जगात कशावरही शंका घे, प्रमाणावर घेऊ नकोस. वीस वर्षं मी हेच करतोय. एक पारडं खाली दिसलं की माझा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो.

तर गेल्या वर्षी तुझ्या वहिनीने न्हाणीघराच्या दाराला पुरुषभर उंचीचा आरसा लावून घेतला. पहिल्याच दिवशी आंघोळ करून मी त्या आरशासमोर उभा राहिलो आणि माझं लक्ष गेलं. डावं पारडं खाली होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं अर्धं बोट खाली. (हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला नाही, घाबरू नकोस.) अडतीस वर्षं हे असंच होतं की आत्ता झालं, तेही सांगता येईना, कारण त्याआधी मी कधी बघितलंच नव्हतं. दुकानातल्या प्रत्येक काट्याचा जन्मापासूनचा इतिहास मला तोंडपाठ, आणि स्वतःच्या सामानाची एक नोंद नाही.

मी कारण शोधलं. हत्यारांची पेटी मी वीस वर्षं डाव्या खांद्यावर घेतो, त्या ओढीने डावी बाजू उतरली असणार, असं ठरवलं आणि पेटी उजव्या खांद्यावर घ्यायला लागलो. तीन महिने घेतली. दाराच्या चौकटींना धडकलो, एका औषधवाल्याच्या काचेच्या कपाटाला कोपरा लागला, आणि तुझ्या वहिनीची अशी समजूत झाली की माझा डावा खांदा धरलाय, म्हणून ती रोज संध्याकाळी त्याला मलम चोळत बसायची. मी चोळून घेत होतो. खरं काय ते सांगण्यापेक्षा मलम सोपं होतं.

पेटीने फरक पडेना तेव्हा मी रीतसर तपासणीला लागलो. आपल्याकडे प्रत्येक काट्याचं एक कार्ड असतं, मालक कोण, दोष काय, उपाय काय, पुढची तारीख कोणती. तसं एक कार्ड मी स्वतःचं केलं आणि खिशात ठेवलं. सकाळी गार पाण्याच्या आंघोळीनंतर बघितलं तर दोन्ही वर चढून घट्ट बसलेली. दुपारी दुकानातल्या उकाड्यातून आल्यावर बघितलं तर दोन्ही खाली लोंबलेली. जो काटा दिवसातून दोन वेगळी मापं दाखवतो त्याची स्प्रिंग गेली असं आपण म्हणतो, तेव्हा तीही नोंद केली. मग भीत भीत डावं हातात घेऊन चाचपलं. ते गुळगुळीत होतं, दाबलं तर जरा दबत होतं, मिटलेल्या पापणीवरून डोळा दाबावा तसं. पण त्याच्या मागच्या अंगाला मऊ दोऱ्याची गुंडाळी असावी असं काहीतरी हाताला लागलं. म्हटलं, दोष सापडला. आता तपासणीचा नियम असा की संशयित बाजू बघून झाली की चांगल्या बाजूशी ताडून बघायची. उजवं हातात घेतलं. ते जड होतं, भरीव होतं, पुढच्या अंगाला सुक्या वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं आणि दाबलं तरी जराही दुखत नव्हतं. मला फार धीर आला. म्हटलं, एक बाजू तरी ठणठणीत आहे.

कार्ड माझ्यापुढेच आहे, जसंच्या तसं उतरवतो. 'मालक: स्वतः. दोष: डावीकडे झुकतो. डावं मऊ, मागे गुंडाळी. उष्णतेने माप बदलतं. उजवं: भरीव, टणक, निर्दोष. प्रमाण धरावं.' त्याखाली तीन महिन्यांनंतरची नोंद आहे. 'डावं जैसे थे. उजवं आणखी भरीव. समाधानकारक.'

हे 'समाधानकारक' मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, धाकट्या. आजही ते वाचलं की अंगावर काटा येतो.

डॉक्टरकडे गेलोच नाही असं समजू नकोस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काय होतंय असं विचारलं, आणि माझ्या तोंडून अडतीस वर्षांच्या सवयीने पोट असा शब्द गेला. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, जेवणाच्या वेळा विचारल्या आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी पंधरा दिवसांचा सगळा कोर्स इमानदारीत पूर्ण केला, एक गोळी चुकवली नाही. मग मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले सगळे वजनकाटे, तान्ह्या बाळांचे धरून, वर्षातून दोनदा मीच तपासतो, त्यामुळे दारवानापासून सगळे ओळखतात. मी पेटी घेऊन जायचो, सर्जन बाईंच्या दारासमोरच्या बाकावर बसायचो, धीर गोळा करायचो आणि तो गोळा व्हायच्या आत कुणीतरी 'काय काटेवाले, इकडे कुठे' म्हणून विचारायचं. मग उठून एखादा काटा तपासायचा. एका महिन्यात मी बाळांचा काटा चार वेळा तपासला. तिथली नर्स शेवटी काळजीने म्हणाली, 'अहो, त्याचं काही बिघडलंय का? आम्हाला सांगा तरी.' त्या काट्याइतका अचूक काटा आज आसपास कुठे नसेल.

असे एकूण आठ महिने गेले. पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण धुण्याच्या दिवशी कार्ड शर्टाच्या खिशात राहिलं आणि तुझ्या वहिनीच्या हाती लागलं. आधी तिला ते कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं वाटलं. मग तिने मालकापुढचं 'स्वतः' वाचलं. मला वाटलं आता ही हसणार, आणि खरं सांगतो, ती हसली असती तर मी सुटलो असतो. ती हसली नाही. ओले हात पदराला पुसून ती पायरीवर बसली, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, आणि एवढंच म्हणाली की पेटी ठेवा, चपला घाला. बाळांच्या काट्याची तपासणी आता पाच महिन्यांनी आहे असं मी सांगून बघितलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चपला घातल्या.

सर्जन बाईंची खोली मला पाठ आहे. खिडकीखाली तपासायचं टेबल, त्यावर कागदाचा पट्टा, कड्या तुटलेला हिरवा पडदा, दाराशी उभा वजनकाटा (तो पूर्वी दोनशे ग्रॅम जास्त दाखवायचा, मी सरळ केला). बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं की त्यांचा काटा ठीक आहे, गेल्याच आठवड्यात मी तपासलाय. मी तोंड उघडलं आणि पोट म्हणणार एवढ्यात तुझ्या वहिनीने टेबलावर कार्ड ठेवलं. बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. शेवटपर्यंत त्यांचा चेहरा हलला नाही. मग म्हणाल्या, 'काटेवाले, यातली एकच ओळ कामाची आहे, आणि ती तुम्ही कौतुकाने लिहिलीय.'

टेबलावर पडल्यावर मी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. बाईंनी विचारलं, कुणी काटा आणला तर तुम्ही तो पोत्यात ठेवून तपासता का? मी चादर सोडली. दोन मिनिटांचं काम होतं, धाकट्या. ज्यासाठी मी आठ महिने घालवले ते दोन मिनिटांचं काम होतं, आणि लाज पहिल्या अर्ध्या मिनिटातच संपली, कारण बाईंचं सगळं लक्ष हाताकडे होतं, माझ्या तोंडाकडे नव्हतंच.

नंतर त्यांनी माझ्याच कार्डाच्या पाठीमागे चित्र काढलं. ते समजलं तसं तुला सांगतो, कारण हे मला चौदाव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं आणि तुलाही. बहुतेक पुरुषांमध्ये एक बाजू दुसरीपेक्षा खाली असते, बऱ्याचदा डावी. एक किंचित मोठं असलं तरी चालतं. मागची ती मऊ गुंडाळी प्रत्येकाला असते, दोन्हीकडे असते, बीज तिथे पिकतं, आणि तिथूनच एक दोरी वर पोटाकडे जाते. गारव्यात पिशवी आखडते, उन्हाळ्यात सैल पडते, कारण आतला माल जरा थंड ठेवायचा असतो. म्हणजे स्प्रिंग गेलेली नव्हती, उलट तीच नीट काम करत होती. माझ्या कार्डावरचे सगळे दोष बाईंनी एकेक करून खोडले. डावं निर्दोष ठरलं. मग त्यांनी खोलीतला दिवा घालवला, उजव्या बाजूच्या मागे छोटी बॅटरी धरली आणि म्हणाल्या की आत पाणी असतं तर उजेड आरपार दिसला असता. दिसला नाही.

त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. करणारा माणूस चांगला गप्पिष्ट होता, त्याच्या घरचा काटा खरं माप दाखवत नाही ते मला सांगत होता. डावी बाजू होईपर्यंत बोलत होता. उजवीकडे यंत्र नेलं आणि तो बोलायचा थांबला. मी छताकडे बघत पडलो होतो. मला तेव्हाच कळलं. भीती म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं, बाबा गेले तेव्हाही असं झालं नव्हतं. आपली पोरगी अजून सातवीत आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि दुसरं हे, की चूक वाण्याच्या काट्यात नव्हती, सराफाच्या नव्हती, मी ज्याला प्रमाण धरलं त्यातच होती, आणि त्याच्या मापाने चांगल्याला खोटं ठरवत बसलो होतो.

बाईंना मी म्हटलं, दुखलं असतं तर मी पहिल्या दिवशीच आलो असतो. त्या म्हणाल्या, सगळे हेच म्हणतात, ही गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर माणूस तिला घेऊन वर्षभर हिंडतो. पुढे त्यांनी दुसरीही गोष्ट बजावली. कुणाला तिथे एकाएकी असह्य कळ आली, सूज आली, ओकारी आली, तर घड्याळ बघायचं नाही, उद्यावर ढकलायचं नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचं, कारण आत दोरीला पीळ बसला असेल तर हातात काही तासच असतात. तुझ्या मैदानावर चेंडू लागून पोरं कळवळतात, त्यांना तू पाणी पाजून बसवतोस. तासाभरात कळ थांबली नाही तर बसवू नकोस, ने. पोट म्हणाली तरी ने.

आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं. जांघेत चार बोटांची चीर, बाकी काही दिसत नाही. ज्या डाव्यावर मी आठ महिने संशय घेतला, ज्याच्यासाठी पेटीचा खांदा बदलला, ते आता एकटं सगळं घर सांभाळतंय आणि बाई म्हणतात की त्याला ते झेपतं. मी त्याची माफी मागितली. (मनातल्या मनात. वहिनी शेजारी होती.)

तेव्हा तूही महिन्यातून एकदा, ऊन पाण्याने आंघोळ झाल्यावर, दोन्ही हातांनी, अंगठा आणि बोटांत हलकेच फिरवून बघत जा. खाली-वर, लहान-मोठं, यासाठी नाही. आपलं नेहमीचं कसं असतं ते हाताला माहीत असावं म्हणून. मग त्यात टणक काही आलं, आकार बदलला, जडपणा आला, ओटीपोटात नाहीतर जांघेत मंद दुखत राहिलं, तर सरळ डॉक्टर. बहुतेक गाठी साध्याच निघतात असं बाई म्हणाल्या, पण साधी आहे हे ठरवायचं काम आपलं नाही. तुला हसू येत असेल तर हसून घे आणि मग बघ.

आता ते काम. धान्याच्या गोदामातला मोठा जमिनीवरचा काटा दुरुस्त होऊन दुकानात पडलाय आणि तो जागेवर नेऊन बसवायला मला उचलबंदी. तुझ्यासारखा दणकट माणूस हाताशी असला तर तासाचं काम. येत्या गुरुवारी सकाळी दहापर्यंत ये, दोन दिवसांची रजा टाक. येताना साधे सैल कपडे घालून ये. तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझा,
दादा

ता. क. मोठा काटा गोदामवाल्यांच्या हमालांनी मागच्याच आठवड्यात नेऊन बसवला. गुरुवारी अकरा वाजता सर्जन बाईंच्या वहीत तुझं नाव आहे, मीच घातलंय. या पत्रासोबत एक कोरं कार्ड जोडलंय, त्यावर फक्त मालकाचं नाव लिहिलंय. दोषाचा रकाना तू भरू नकोस आणि मीही भरणार नाही, तो बाई भरतील. निघण्याआधी काम काय ते तुला कळावं म्हणून हे लिहितोय. फोन करून 'मला काही झालेलं नाही' म्हणू नकोस. मलाही आठ महिने काही झालेलं नव्हतं.

दुसरा ता. क. तुझं नाव का, ते वर लिहिलं नाही, कारण तिथे लिहिण्याची हिंमत झाली नाही. आणि अपेंडिक्स भूगोलाला धरून होतं असं जे मी वर लिहिलं, ते खोटं आहे. ऑपरेशनच्या आधी बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला तिथलं काही? मी चटकन नाही म्हटलं. भावाचं काय? म्हटलं, भावाचं लहानपणी अपेंडिक्स काढलं, बाकी धट्टाकट्टा आहे. एवढं आमच्या तोंडी बसलेलं. मग टाके निघाल्यावर त्याच आरशासमोर उभा राहिलो, जांघेतली माझी चीर बघितली, आणि ती मला ओळखीची वाटली. तशीच, त्याच जागी, तुझ्याकडे आहे. फक्त तुझी डावीकडे आहे. धाकट्या, तू वर्गात शरीराचा तक्ता टांगून पोरांना छडीने अवयव दाखवतोस. अपेंडिक्स उजवीकडे असतं. चोवीस वर्षांत तुला हे दिसू नये?

तुझं डावं जन्मापासून खाली उतरलंच नव्हतं, वरच अडकून राहिलं होतं. नवव्या वर्षी शाळेच्या तपासणीत डॉक्टरांच्या ते लक्षात आलं आणि ऑपरेशन करून ते खाली आणून बसवलं. शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस, माझं काय काढलं? बाबांनी खिडकीबाहेर बघत अपेंडिक्स म्हणून सांगितलं. मग मला व्हरांड्यात नेलं, हात हातात घेतला आणि कधी बोलणार नाही असं वचन घेतलं. मी चौदा वर्षांचा होतो. ते वचन मी इतकं पाळलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. हे सगळं मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ज्याचं असं उशिरा खाली आणलेलं असतं त्याला ही गाठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि सख्ख्या भावाला झालेली असेल तर आणखी. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही, हेही त्या दोनदा म्हणाल्या, आणि मी दोनदा ऐकलं. पण त्यांनी विचारलं, त्यांना हे माहीत आहे का? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आधी ते सांगा. सांगितलं, धाकट्या. उशीर केला, माफ कर. (आणि एक. तुझं अपेंडिक्स जागेवर आहे. पोटात दुखलं की 'मला अपेंडिक्स नाही' म्हणून छाती काढून हिंडतोस, ते आता बंद कर.)

तिसरा ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी आईला वाचून दाखवलं. बाबांना दिलेलं वचन मोडायचं तर निदान तिला सांगून मोडावं, असं वाटलं. ती शेंगा सोलत होती. दुसऱ्या ता. क. पर्यंत सोलत राहिली, मग थांबली. म्हणाली, पोरं चिडवतील म्हणून नाही सांगितलं रे, पुढे लग्नाच्या वेळी कुणी काही विचारेल म्हणून नाही सांगितलं, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. मग डोळे पुसले, सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि मला पत्राची सुरुवात बदलायला सांगितली. मी म्हटलं, आता पानं भरली, खाडाखोड नको, शेवटी लिहितो. तर तिच्या शब्दांत लिहितो: गुडघा कसा आहे ते कळव, आणि गुरुवारी बाईंना दाखवून झालं की गुडघ्याच्या वरचं कसं आहे तेही आईला कळव.